अठ्ठ्याण्णव टक्के

साताऱ्यातल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. खालपासून आमच्या दारापर्यंत ५४ पायऱ्या आहेत. लहानपणी मी एकाआड एक पायरी चढायचो आणि २७ उड्यांत दार यायचं, म्हणून आकडा पाठ आहे. आई मंडईतून आली की ३६ पायऱ्या चढते, दुसऱ्या मजल्यावर भाजीच्या पिशव्या खाली ठेवते आणि पुढच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसते. मिनिट-दोन मिनिटं. मग पदराने कपाळ टिपते, स्वतःलाच "चला" म्हणते आणि उरलेल्या १८ चढते.

हे केव्हापासून चालू आहे असं मला कुणी विचारलं असतं, तर मी "पहिल्यापासून" असं सांगितलं असतं. ते खरं नाही. मी शाळेत असताना ती एका हातात दळणाचा डबा आणि खांद्याला माझं दप्तर घेऊन, मला दटावत, न थांबता वर यायची. मधल्या कुठल्यातरी वर्षी ती बसायला लागली आणि आम्हां सगळ्यांना ते दिसायचं बंद झालं. आईला दम लागतो. आई दुसऱ्या मजल्यावर बसते. घरात कुठला नळ गळतो हे जसं माहीत असतं, तसं हे आम्हांला माहीत होतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत जातात. लॉकडाऊननंतर पाठ धरायला लागली, पँटी होईनाशा झाल्या, तेव्हा पळायला सुरुवात केली. पळणाऱ्या इंजिनिअरचं जे होतं ते माझंही झालं. आधी बूट आले, मग घड्याळ आलं, मग आलेख आले. दोन वर्षांपूर्वी सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलं आणि घरून काम करायची मुभा होती म्हणून सरावासाठी दर आठवड्याचे तीन-चार दिवस साताऱ्यात राहायला लागलो. सकाळी साडेपाचला यवतेश्वरच्या घाटाला लागायचं, मंदिरापर्यंत पळत चढायचं आणि उतरून आठच्या आत घरी यायचं. तिसऱ्या वळणाशी माझ्या पोटऱ्या पेटायच्या, श्वास पुरायचा नाही. हा दम नक्की कुठे कमी पडतो ते मला शोधायचं होतं. फुप्फुसात, हृदयात, की पायात? कुठला भाग सुधारला की माझी वेळ पाच मिनिटांनी कमी होईल?

म्हणून मी वाचायला लागलो. आणि वाचताना मला ते आवडायला लागलं, कारण ते सगळं माझ्या ओळखीचं होतं. एका ठिकाणी माल आहे, दुसऱ्या ठिकाणी गरज आहे, आणि मध्ये वाहतूक.

१८७० साली आडोल्फ फिक या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने या वाहतुकीचा हिशेब मांडला. तो इतका साधा आहे की दुकानदारालाही पटावा. शरीर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरतं? तर हृदय मिनिटाला जेवढं रक्त ढकलतं, गुणिले, जाताना त्या रक्तात असलेला ऑक्सिजन वजा परत येताना उरलेला ऑक्सिजन. बस. नुसतं बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलतं. निरोगी रक्ताच्या एका लिटरमध्ये साधारण २०० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. म्हणजे मिनिटाला एक लिटर ऑक्सिजन घराबाहेर पडतो. त्यातला २५० मिलिलिटरच्या आसपास खर्च होतो आणि बाकीचा तसाच परत येतो. एवढी शिल्लक ठेवलेली असते ती धावण्यासाठी, जिन्यासाठी, घाटासाठी. जोरात पळताना हृदय मिनिटाला वीस लिटर किंवा त्याहून जास्त रक्त ढकलू शकतं, त्यातलं ८० टक्क्यांच्या वर एकट्या स्नायूंकडे वळतं, आणि स्नायू आपल्याकडे आलेल्या ऑक्सिजनचा बहुतेक भाग काढून घेतात.

हे २०० मिलिलिटर येतात कुठून, ही खरी गंमत आहे. ऑक्सिजन पाण्यात नीट विरघळत नाही. रक्तात नुसता विरघळलेला ऑक्सिजन मोजला तर लिटरला जेमतेम तीन मिलिलिटर भरतो. तेवढ्यावर माणूस खुर्चीतून उठूही शकला नसता. उरलेला सगळा हिमोग्लोबिन उचलतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. शंभर मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असेल तर वीस मिलिलिटर, म्हणजे लिटरला २००. हा गुणाकार मी तेव्हा वहीत केला होता. पुढे तो मला वेगळ्याच आकड्यानिशी पुन्हा करावा लागणार होता.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात आणि प्रत्येकीत लोहाचा एक अणू. त्या लोहावर ऑक्सिजन येऊन बसतो. एका रेणूवर चार जागा. पण या चार जागा एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. पहिला ऑक्सिजन बसायला अवघड जातो. तो बसला की रेणूचा आकार किंचित बदलतो आणि पुढचे पटापट बसतात. उठतानाही तसंच, एक उठला की बाकीच्यांना उठणं सोपं जातं. आपल्या पंगतीसारखं. पहिला माणूस पानावर बसेपर्यंत सगळे "तुम्ही बसा, तुम्ही बसा" करत उभे असतात, आणि एक उठला की सगळी पंगत उठते. यामुळे फुप्फुसात रेणू गच्च भरतो आणि स्नायूत भराभर रिकामा होतो. हा आकार कसा असतो ते शोधायला माक्स पेरुट्झ यांना केंब्रिजमध्ये वीसहून जास्त वर्षं लागली. १९६२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना आणि जॉन केंड्रू यांना मिळालं. केंड्रूंनी शोधली होती मायोग्लोबिनची रचना. मायोग्लोबिन म्हणजे हिमोग्लोबिनचं स्नायूत राहणारं, एकाच साखळीचं भावंडं. ते ऑक्सिजनला हिमोग्लोबिनपेक्षा घट्ट धरतं, म्हणून आलेला माल उतरवून घेतं.

पण माल उतरवायचा कुठे, हे रक्ताला कळतं कसं? कुठला स्नायू राबतोय आणि कुठला आराम करतोय? १९०४ मध्ये कोपनहेगनला क्रिस्टियान बोर यांनी, कार्ल हासेलबाल्क आणि आउगुस्ट क्रोग यांच्यासोबत, याचं उत्तर दिलं. हे बोर म्हणजे अणूवाल्या नील्स बोर यांचे वडील. राबणारा स्नायू कार्बन डायऑक्साइड सोडतो, आम्ल तयार करतो. त्यांनी दाखवलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल होते. स्नायू तापतो, त्या उष्णतेनेही ती सैल होते. म्हणजे स्नायूला मागावं लागत नाही. त्याच्या कष्टाची खूणच मागणीचं काम करते. जो जास्त राबतो त्याच्या पानात आपोआप जास्त पडतं.

आणि वाढपी कोण? तांबडी पेशी. सात-आठ मायक्रोमीटरची, मधे दबलेली चकती. केशवाहिन्या काही ठिकाणी तिच्याहून अरुंद असतात, तिथून ती दुमडून, अंग चोरून जाते. हिमोग्लोबिनला जागा व्हावी म्हणून तिने आपलं केंद्रक टाकून दिलेलं असतं. ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारी यंत्रणाही तिच्यात नसते. १२० दिवसांच्या आयुष्यात ती शरीरभर ऑक्सिजन वाहते आणि स्वतः त्यातला कणही वापरत नाही. हे वाचलं तेव्हा मला ते फार सुंदर वाटलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "बरं. आणि तू आंघोळ कधी करणारेस?"

घड्याळाचा प्रसंग त्यानंतर महिन्याभराने घडला. मी नवीन घड्याळ घेतलं आणि जुनं आईच्या मनगटावर बांधलं. हेतू काही थोर नव्हता. ती म्हणाली होती, "मी पण दिवसभर चालतेच की घरात," आणि मला तिची पावलं मोजायची होती. रात्री मी तिचा आलेख उघडला. पावलं ९,००० च्या वर होती. पण माझं लक्ष गेलं नाडीच्या रेषेकडे. दुपारी ती आडवी झाली होती, तेव्हा मिनिटाला ९६. सकाळी पावणेअकराला एक सुळका होता. १५८. तेव्हा ती मंडईतून येऊन जिना चढत होती.

मी यवतेश्वरच्या तिसऱ्या वळणावर, पोटऱ्या पेटलेल्या असताना, १६० ला असतो.

मला लगेच काहीतरी उमगलं असं मला लिहायचं होतं. पण तसं झालं नाही. मी काढलेला पहिला निष्कर्ष होता, सेन्सर बिघडलाय. ही मनगटावरची घड्याळं हिरव्या उजेडाने नाडी मोजतात, पट्टा सैल असला तर पावलांचे हिसकेच नाडी म्हणून मोजून टाकतात. जुनं घड्याळ, सैल पट्टा, बांगड्या. मी पट्टा एक भोक आवळला. दुसऱ्या दिवशी १५५. आमच्या धंद्यात एक वाईट सवय लागते. आकडा अपेक्षेबाहेरचा आला की आधी मोजणाऱ्यावर संशय घ्यायचा. अनेकदा तो संशय बरोबर निघतो, म्हणून सवय टिकते.

तिसऱ्या दिवशी मी कपाटातून ऑक्सिमीटर काढला. २०२१ मध्ये प्रत्येक घरात आला तसा आमच्याकडेही आला होता. आईला तेव्हा कोविड झाला होता, सौम्यच, आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ बाबा तिच्या बोटाला तो चिमटा लावून वहीत आकडा लिहायचे. ९८, ९७, ९८. ती वही अजून आहे. मी सेल बदलले आणि चिमटा लावला. ९८ टक्के.

"आहे की ९८," बाबा म्हणाले. मलाही हायसं वाटलं. सगळं हिरवं.

त्या रात्री मी ऑक्सिमीटर कसा चालतो ते वाचत बसलो. वाचायचं कारण पुन्हा आई नव्हती, कुतूहल होतं. त्याचा शोध ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअरने लावला. १९७२ मध्ये ते वेगळ्याच मोजमापाच्या मागे होते. कानातून प्रकाश आरपार सोडून, रक्तात टोचलेला रंग कसा विरत जातो यावरून हृदय किती रक्त ढकलतं ते काढायचं होतं. नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांच्या रेषेत सारखी थरथर यायची. ती थरथर काढून टाकण्याच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आलं की त्यातच माहिती आहे. थरथरणारा भाग म्हणजे धमनीतलं ताजं रक्त. लाल आणि अवरक्त अशा दोन उजेडांत तेवढीच थरथर मोजली, की त्या रक्तातलं किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलंय ते कळतं. २०२० च्या एप्रिलमध्ये, जगभर लोक त्यांचा चिमटा शोधत फिरत असताना, आओयागी वारले.

किती टक्के हिमोग्लोबिन भरलंय. मी ते वाक्य परत वाचलं. हा टक्का आहे, आणि टक्क्याला छेद असतो. स्वारगेटहून साताऱ्याला सुटणाऱ्या एसट्या निम्म्या केल्या, तर उरलेल्या खच्चून भरतील. प्रत्येक गाडीत कंडक्टर ९८ टक्के लिहील आणि तो खोटं लिहीत नसेल. फलाटावर निम्मी माणसं उभी असतील, पण ती त्या आकड्यात कुठेच येणार नाहीत.

असाच एक टक्का आम्हांला ऑफिसात एकदा फसवून गेला होता. आमच्या सिस्टीमच्या फलकावर यशस्वी व्यवहारांचं प्रमाण ९९.९ टक्के दिसत होतं आणि बाहेर लोक बोंबलत होते. निम्मे व्यवहार आमच्यापर्यंत पोचतच नव्हते. पोचत होते तेवढे सगळे यशस्वी होत होते. त्या रात्री तीन वाजता मी टीमला मोठ्या शहाणपणाने सांगितलं होतं की नुसता टक्का बघू नका, एकूण किती ते आधी बघा.

सकाळी मी आईला म्हणालो, "आज डॉक्टरांकडे जाऊ." ती म्हणाली, "आज? आज एकादशी आहे, साबुदाणा भिजत घातलाय." आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो.

डॉक्टर आमच्या ओळखीचे, वयस्कर. त्यांनी घड्याळाचा आलेख पाहिलाही नाही. अंगठ्याने आईच्या डोळ्याची खालची पापणी ओढली, आतली बाजू पाहिली, तळहात उलटा करून पाहिला, नखं पाहिली. मग विचारलं, "पाळी कशी आहे ताई?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. डॉक्टर म्हणाले, "तू बस. तूच आणलंस ना त्यांना? मग ऐक."

तेव्हा मला कळलं की गेली सात-आठ वर्षं आईची पाळी नऊ-दहा दिवस चालते. पहिले तीन दिवस ती रात्री दोनदा उठते. मोठी चादर काढून जुनी अंथरते. लग्नाकार्याला जायचं की नाही हे ती त्या तारखांवरून ठरवते, आणि आम्हांला वाटायचं की तिला गर्दी आवडत नाही. कुणालातरी एकदा दाखवलं होतं तर "वयाचं आहे, जाईल" असं उत्तर मिळालं होतं. ५१व्या वर्षी ती अजून ते जाण्याची वाट पाहत होती.

"काही वेगळं खावंसं वाटतं का?" डॉक्टरांनी विचारलं. "माती, खडू, बर्फ?"

"नाही हो," आई हसली. मग थांबून म्हणाली, "तांदूळ. कच्चे."

हे मात्र आम्हांला माहीत होतं. आई तांदूळ निवडताना मूठ-मूठ तोंडात टाकते यावरून घरात कायम चेष्टा चालायची. तांदूळ खाल्ले की लग्नात पाऊस पडतो म्हणतात. बाबा दर वेळी विचारायचे, "आता कुणाच्या लग्नात पाऊस पाडतेस?" शरीरात लोह कमी पडलं की अशा गोष्टी चघळाव्याशा वाटतात, हे वैद्यकाच्या पुस्तकांत कधीचं लिहिलेलं आहे. म्हणजे आईचं शरीर रोज ताटात घेऊन ते सांगत होतं आणि आम्ही हसत होतो.

संध्याकाळी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ७.४.

मी वही काढली. ७.४ गुणिले १.३४. शंभर मिलिलिटरला दहाच्या आत. लिटरला १००. माझ्या २०० च्या निम्मं.

पुढचा हिशेब मी ढोबळच केला. पिशव्या घेऊन जिना चढायला तिच्या वजनाच्या बाईला मिनिटाला एक लिटरच्या आसपास ऑक्सिजन लागेल. तिच्या एका लिटर रक्तात १०० मिलिलिटर आहे, त्यातला ७० स्नायूंनी ओरबाडून घेतला असं धरलं, तरी हृदयाला मिनिटाला चौदा लिटर रक्त ढकलायला हवं. फिकच्या समीकरणात एक बाजू निम्मी झाली की दुसरी वाढवण्यावाचून हिशेब जुळत नाही. म्हणून १५८. सेन्सर ठीक होता. दुसऱ्या मजल्यावर ती टेकत होती ती जागा म्हणजे तिच्या शरीराची हद्द होती, जी मी घाटात पाचशे रुपयांचे मोजे घालून, हौसेने शोधत होतो. ती तिथे रोज पोचत होती. दोन्ही हातांत भाजी घेऊन.

मग प्रश्न उरतो की इतकं कमी असूनही ती उभी कशी होती? स्वयंपाक, धुणं, ९,००० पावलं? याचं उत्तर असं की कमतरता हळूहळू आली तर शरीर ती झाकून घेतं. हृदय बसल्या जागीही जास्त धावतं, म्हणून झोपलेली असताना ९६. त्वचेकडचं रक्त कमी करून आतल्या अवयवांना देतं. आणि तांबड्या पेशी स्वतः एक युक्ती करतात. त्यांच्यात २,३-डीपीजी नावाचं एक संयुग असतं. ते हिमोग्लोबिनच्या मधल्या फटीत बसून त्याची ऑक्सिजनवरची पकड सैल करतं, हे १९६७ मध्ये राइनहोल्ड आणि रूथ बेनेश या पतिपत्नींनी दाखवलं. रक्त कमी पडलं की पेशी हे संयुग जास्त बनवतात. प्रत्येक फेरीत माल अधिक उतरवला जातो. वाहक निम्मे झाले, तर उरलेले आणखी हात सैल सोडतात. अपघातात एकदम इतकं रक्त गेलं असतं तर ती कोसळली असती. वर्षानुवर्षं थेंबाथेंबाने गेलं म्हणून ती फक्त जिन्यात बसायची.

शरीराच्या या कौशल्याचं मला कौतुक वाटत नाही असं नाही. पण या झाकपाकीमुळेच आम्हांला आठ वर्षं काही दिसलं नाही. आणि आईने शरीरासारखंच केलं. ज्या दिवशी जास्त थकवा असेल त्या दिवशी झाडू आधी आणि भांडी नंतर, चादर गुपचूप बदलायची, लग्न टाळायचं. आत आणि बाहेर दोन्हीकडे सगळं सांभाळून घेणं चालू होतं.

लोहाचा जमाखर्च तर वाण्याच्या खतावणीसारखा असतो. शरीरात एकूण तीन-चार ग्रॅम लोह, त्यातलं दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. म्हाताऱ्या तांबड्या पेशी मोडून निघणारं लोह शरीर पुन्हा वापरतं, रोज वीसेक मिलिग्रॅम. अन्नातून शोषलं जातं फक्त एक ते दोन मिलिग्रॅम, आणि त्यातलं मिलिग्रॅमभर त्वचेच्या, आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर जातं. निरोगी रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये अर्धा मिलिग्रॅम लोह. एका पाळीत ८० मिलिलिटरहून जास्त रक्त गेलं तर डॉक्टर तो अतिस्राव समजतात. म्हणजे ४० मिलिग्रॅम. महिन्याची शिल्लक तीस मिलिग्रॅम आणि उधारी चाळीसच्या वर, दर महिन्याला, आठ वर्षं. शिवाय शाकाहारातलं लोह कमी शोषलं जातं आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा ते आणखी अडवतो. आईची दुपार कशी असते? सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उरलेली पोळी, तळाची आमटी, आणि लगेच कपभर चहा. कारण चहा घेतला की "तरतरी येते".

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. त्याच वयाचे पुरुष २५ टक्के. हा आकडा मी कधीतरी वाचला होता. आपण असे आकडे दुसऱ्यांच्या घरचे म्हणून वाचतो. वाईट याचं वाटलं की खेळाडूंच्या रक्ताबद्दल मला सगळं ठाऊक होतं. नव्वदच्या दशकात सायकलपटू तांबड्या पेशी वाढवणारं औषध टोचून घ्यायचे. १९९७ मध्ये त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला नियम करावा लागला की रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण ५० टक्क्यांवर गेलं तर शर्यतीत उतरता येणार नाही. लान्स आर्मस्ट्राँगने २०१३ मध्ये कबुली दिली ती याच औषधाची आणि रक्त चढवून घेण्याची. हिमोग्लोबिनच्या एक-दोन ग्रॅमसाठी माणसांनी आख्खी कारकीर्द पणाला लावली. आमच्या घरात पाच ग्रॅम गेले आणि आम्ही त्याला स्वभाव म्हणालो.

सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी निघाल्या. साध्या आहेत असं सांगितलं. रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या सुरू झाल्या. ती आपल्या पायांनी चालत आली आहे, छातीत दुखत नाही, तेव्हा रक्त चढवायची गरज नाही, लोह शिरेतून देऊ, असं ठरलं. सलाइनच्या बाटलीत मिसळलेलं ते गडद तपकिरी द्रव थेंबाथेंबाने तिच्या हातात जाताना मी शेजारी बसलो होतो. आई म्हणाली, "गंजाच्या पाण्यासारखं दिसतंय." मी म्हणालो, "तेच आहे साधारण." पहिल्यांदाच मी सांगितलेल्या विज्ञानावर ती खूश झाली.

लोह आत गेलं म्हणून दुसऱ्या दिवशी रक्त वाढत नाही. मज्जेत पेशी घडाव्या लागतात. महिन्याने हिमोग्लोबिन ९.६ झालं, तीन महिन्यांनी ११.८. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर बायकांसाठी १२ ही रेषा आहे, ती अजून दोन दशांशांनी दूर होती. झोपेतली नाडी ७४ वर आली. कच्चे तांदूळ आपोआप सुटले. "आता नकोसेच वाटतात," ती म्हणाली, आणि बाबांचा विनोद त्या दिवशी मेला. ते आता दुपारचा चहा तासाभराने स्वतः करून देतात, आणि जेवायला तिच्याबरोबर बसतात. रोज नाही. शस्त्रक्रिया करायची की पाळी जाण्याची वाट पाहायची हे अजून ठरायचं आहे, आणि या वेळी ती चर्चा जेवणाच्या टेबलावर होते.

घाटाची शर्यत मी पळालो. वेळ सांगण्यासारखी नाही.

गेल्या आठवड्यात मी वरून उतरत होतो तर आई नेहमीच्या जागी, दुसऱ्या मजल्यावर, पायरीवर बसलेली. शेजारी दोन पिशव्या. माझ्या पोटात गोळा आला. मी तिच्याजवळ बसलो, मनगट हातात घेतलं आणि मोजायला लागलो. १०८.

"दम लागला?"

"नाही रे. चढले असते."

"मग बसलीस कशाला?"

तिने मनगट सोडवून घेतलं, वर आमच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "वर गेलं की लगेच कामाला लागावं लागतं. इथे दोन मिनिटं कुणी हाक मारत नाही."

मी पण बसलो थोडा वेळ. मग पिशव्या उचलल्या. उरलेल्या १८ पायऱ्या आम्ही बरोबर चढलो.